पत्रकाच्या घडीतली अंगठी

खरं सांगा, रस्त्यात कुणी तुमच्या हातात पत्रक कोंबलं, तर तुम्ही ते उघडून वाचता का?

लगेच उत्तर देऊ नका. आधी माझ्या वहिनीच्या अंगठीचं काय झालं ते ऐका.

माझं नाव क्रांती. बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मी मुळाक्षरं पाटीवर नाही, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. (दादाचा जन्म बाबा चळवळीत पडण्याआधीचा, म्हणून तो नितीन. सुटला!) आमच्या घरात उरलेलं पत्रक कधी रद्दीत जात नाही. जिरं ‘कामगारांनो, जागे व्हा’मध्ये असतं, खिळे ‘पाणी आमच्या हक्काचं’मध्ये. शेजारून आलेला सत्यनारायणाचा प्रसादही आम्ही अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकात बांधून ठेवतो. आणि प्रत्येक कागदाला बाबांची ती खास घडी: आडवी, उभी, पुन्हा आडवी, आणि शेवटचा कोपरा आत खोचलेला. वाऱ्याने उघडत नाही, हातातून उडत नाही. वाटायचं पत्रक असो की जिऱ्याची पुडी, दिसायला एकच!

आता वहिनी. ती केळव्याकडची, पानवेलीच्या वाडीत वाढलेली. गेल्या वर्षी तिची आई गेली. मागे राहिली एक हिऱ्याची अंगठी. आईचं बोट जाड, वहिनीचं बारीक, त्यामुळे अंगठी तिच्या बोटात फिरायची. सैल म्हणून ती घालायची नाही आणि आईचं माप म्हणून लहान करून घ्यायची नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. मग समोरच्या इमारतीत चोरी झाली आणि दादाने घराचा विमा काढायचं ठरवलं. विमावाला म्हणाला, “अंगठी त्यात धरायची तर पालघरला व्हॅल्युअरकडे नेऊन किंमत लिहून आणा.”

दादाची कारखान्यात पहिली पाळी. मीच म्हणाले, “वहिनी, मी येते तुझ्याबरोबर.”

“तू?” वहिनी हसली. “दागिन्यासाठी?”

प्रश्न रास्त होता! त्याच आठवड्यात मी एक पत्रक छापलं होतं, पिवळ्या कागदावर, ठळक अक्षरांत: ‘दागिन्यांचा मोह सोडा! लग्नं साधी करा!’ त्याचा गठ्ठा माझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत होताच. तत्त्व एका जागी, वहिनी एका जागी, असं मी तिला समजावलं.

निघताना वहिनीने अंगठीची लाल डबी काढली. बाबा ओरडले, “डबी? अगं, डबी म्हणजे चोराला आमंत्रण! आण इकडे.”

त्यांनी अंगठी माझ्या पिवळ्या पत्रकात ठेवली, त्यांची ती घडी घातली आणि पुडी शबनमच्या तळाशी सारली. वर बाकीची पत्रकं. “आता शोध म्हणावं चोराला!”

“बाबा, पण आपल्याला सापडेल ना?” वहिनी म्हणाली.

“सगळ्यात खालची! त्यात काय?”

रिक्षा बोईसर स्टँडच्या आधीच्या खड्ड्यात आदळली. (त्या खड्ड्यावरही मी पत्रक काढलंय. खड्डा अजून आहे.) शबनम खाली पडली, थोडी पत्रकं पायाशी सांडली. मी ती गोळा केली, पुन्हा पिशवीत भरली आणि खड्ड्यावर एक छोटं भाषण केलं. रिक्षावाल्याने आरसा फिरवला.

पालघरची एसटी यायला वेळ होता. पिशवीत पत्रकं आणि समोर गर्दी! माझे हात शिवशिवायला लागले.

“वाटू का थोडी?”

“तळाची सोडून हं,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, मी लहान आहे का?”

मी वाटली. पाळी सुटलेल्या कामगारांना, पाम गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना, चहावाल्या काकांना, बाकड्यावर बसलेल्यांना. आवाज चढला होता, गाडी येईपर्यंत मी हुंड्यापर्यंत पोचले होते!

पालघरला व्हॅल्युअर सराफी दुकानाच्या माडीवर बसायचे. समोर मखमली तबक, नाजूक काटा, कपाळावर चढवलेलं भिंग. “वस्तू?” ते म्हणाले.

मी तळाची पुडी काढली, ऐटीत तबकात ठेवली आणि खोचलेला कोपरा उलगडला.

व्हॅल्युअरनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि सावकाश वाचलं, “दागिन्यांचा... मोह... सोडा.”

आत काही नव्हतं.

मी दुसरी उघडली. तिसरी. पिशवी तबकात उपडी केली. पिवळ्या कागदांचा ढीग झाला आणि प्रत्येक कागद मला तेच सांगत होता. मोह सोडा! मोह सोडा!

“ताई,” व्हॅल्युअर हळूच म्हणाले, “हे मी कशात तोलू?”

मला ओरडणारी माणसं चालतात, मी त्यांच्यावर ओरडू शकते. वहिनी नुसती स्वतःचं रिकामं बोट चोळत उभी होती.

परतीच्या गाडीत तिने एकच विचारलं. “देताना हाताला टणक लागलं नाही का गं?”

“मी... भाषण करत होते.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. उमरोळीचा थांबा गेला तरी मान वळली नाही.

बोईसर स्टँडवर उतरलो आणि मला नवाच पेच पडला. अंगठी शोधायची, पण अंगठी म्हणायचं नाही! ‘पत्रकात हिरा आहे’ असं बोलले असते, तर आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक वाचायला झुंबड उडाली असती. म्हणून खोटं न बोलणारी मी सगळ्यांना सांगत सुटले, “छापण्यात चूक झालीय, पत्रक परत द्या!”

“घ्या ना!” एक गृहस्थ खूश झाले. “मीच टाकणार होतो.”

दुसऱ्याने आपलं दिलंच, वर कुठल्यातरी क्लासची जाहिरातही दिली.

पाळी सुटलेला एक कामगार अजून गाडीची वाट बघत होता. मला बघून तो मनापासून म्हणाला, “मैडम, पूरा पढ़ लिया! बहुत बढ़िया लिखा है!” आणि खिशातून पत्रक काढलं. घडी जशीच्या तशी, कोपरा खोचलेला!

मावशींनी भाजीखालून त्यांचं काढून दिलं. तेही बंद. मी गटाराच्या कडेला वाकले, कचऱ्याच्या डब्यात हात घातला, बाकड्यांखालून रांगले. पिवळे कागद सापडत होते आणि मी एकेक उघडत होते. माझ्याआधी एकही कुणी उघडला नव्हता! मी बाहीने डोळे पुसले. अंगठीसाठी की मजकुरासाठी, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

“क्रांती,” वहिनी मागून म्हणाली. “विमा काढलेला असता, तर पैसे मिळालेही असते गं. पण त्यातून आईचं बोट आलं असतं का परत?”

मी चिखलात तशीच बसून राहिले. तेवढ्यात चहावाले काका ओरडले, “ओ ताई! तुमच्या कागदात काय दम नाय हां!”

“काका, आत्ता टीका नको...”

“टीका कसली? बाकड्याचा पाय तोकडा हाय, म्हणून तुमचा कागद खाली घातला. तर बाकडं आणखीच डुलतंय! आमी दुसऱ्यांचेपण कागद घालतो, असं कधी झालं नाय!”

मी आणि वहिनीने एकमेकींकडे पाहिलं.

बाकड्यावर दोन चांगले भरदार गृहस्थ बसले होते. चहा पीत, बोलत, आणि पुढेमागे डुलत! प्रत्येक डुलण्याबरोबर वहिनीचा चेहरा आणखी पांढरा पडत होता.

“जरा उठता का?” मी म्हणाले.

“चहा संपू दे की, बाई.”

“महत्त्वाचं काम आहे.”

“पत्रक वाटायचंय ना? बसूनच घेतो. द्या.”

“उठा!!” हे मी नाही, वहिनी ओरडली. स्टँडवरची कुत्रीसुद्धा उठली!

बाकड्याखालून पुडी काढली. काळवंडलेली, चपटी. वहिनीने कोपरा सोडवला. आत अंगठी होती. हिरा शाबूत, पण गोल कडं दबून लांबट झालेलं. माझं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. (घरी हे कुणाला खरं वाटत नाही.)

वहिनीने अंगठी बोटात सरकवली. हात खाली सोडला, झटकला. अंगठी हलली नाही.

“अगं... बसली,” ती म्हणाली, आणि तिथेच, चहाच्या टपरीसमोर, रडता रडता हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पालघर. या वेळी पिशवी नाही, अंगठी वहिनीच्या बोटात. व्हॅल्युअरनी तिला कडं गोल करून देऊ का विचारलं. तिने ठाम नकार दिला. मग त्यांनी सहज विचारलं, “इतके दिवस ठेवत कुठे होता?”

“डाळीच्या डब्यात,” वहिनी म्हणाली. “पण सगळ्यात सुरक्षित राहिली ती हिच्या पत्रकात. भर स्टँडवर दिवसभर होती, कुणी उघडूनही पाहिलं नाही.”

तर आता एवढंच करा. उद्या बोईसरला, पालघरला, कुठेही एखादी तावातावाने बोलणारी मुलगी तुमच्या हातात घडी केलेला पिवळा कागद ठेवेल. तो टाकू नका, बाकड्याखाली घालू नका. तिथेच उभं राहून उघडा आणि दोन ओळी तरी वाचा. तेही जमत नसेल, तर निदान चाचपून बघा आणि टणक लागलं तर मला हाक मारा!