कुजबुजमावशीचा एक शब्द

नाटक मंडळीत सगळे तिला कुजबुजमावशी म्हणत. कामच तसं होतं तिचं. उजव्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. तीस वर्षांत तिने भल्याभल्यांची लाज राखली. टाळ्या अर्थात ते भलेभलेच घेऊन जात.

यंदा मंडळीने युद्धातल्या एका वैमानिकावर संगीत नाटक बसवलं. पहिल्या अंकाच्या शेवटी तो लढाईवर निघतो आणि बहिणीपुढे गातो, ‘पंखांत वारा गातो, निरोप दे, मी जातो.’ नट गळ्याचा गोड, पण पक्का विसरभोळा. नेमका शेवटच्या शब्दावर अडायचा. मावशी शब्द द्यायची, ‘येतो.’ तोही बिनदिक्कत तेच गाऊन मोकळा व्हायचा.

तिसऱ्या प्रयोगानंतर दिग्दर्शक भडकला. यमक तर गेलंच, शिवाय हा परत येत नाही, म्हणून तर सगळं नाटक!

“मावशी, वहीत आहे ते वाचायला काय होतं हो तुम्हाला? पुन्हा असं झालं तर स्टूल दुसऱ्या कुणाला तरी देईन.”

तिने मान डोलावली. ते स्टूल गेलं तर घरच्या चार भिंतींखेरीज तिला कुठे बसायलाही जागा नव्हती.

तिचा धाकटा भाऊ खराखुरा वैमानिक होता. निघताना मुद्दाम “जातो” म्हणायची त्याची खोड. मग हिने डोळे वटारून “येतो म्हण!” म्हणायचं, त्याने हसत “येतो” म्हणायचं, की स्वारी निघाली. शेवटच्या खेपेला आठवड्याच्या रजेवर आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावणं आलं. ही रुसली. मोरीत पाठमोरी भांडी घासत राहिली.

“ताई, जातो गं!”

हिने ब्रही काढला नाही. तो दारात थांबला होता, शब्दाची वाट बघत. बराच वेळ थांबला. मग फाटक वाजलं.

महिन्याभराने पत्र आलं, विमानासह बेपत्ता. त्याला छत्तीस वर्षं झाली.

चौथा प्रयोग दुपारचा होता. दिग्दर्शक तिच्या स्टुलामागेच हाताची घडी घालून उभा राहिला. गाणं आलं, नट अडला. ऑर्गनवाल्यांनी सूर धरून ठेवला. नटाने विंगेकडे पाहिलं आणि वाट बघत थांबला, अगदी तसाच.

मावशीने बॅटरी वहीतल्या त्या शब्दावर धरली.

“जातो,” ती म्हणाली.

त्याने ते इतकं सुरेख गायलं, की अख्खं नाट्यगृह रडलं. पडदा पडला, टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकाने खूश होऊन तिची पाठ थोपटली.

“येतो म्हण रे,” मावशी वहीत बघत पुटपुटली. त्या टाळ्यांत ते कुणालाही ऐकू गेलं नाही.