सीट मागे हटत नाही

माझ्या भावाचा साखरपुडा एका मोटारीच्या पुढच्या सीटभोवती झाला. सीटवर नवरदेव नव्हता, नवरीही नव्हती. सीटवर आमचे अण्णा आडवे होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर जाहीर निषेध!

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला नेरुळात, आणि हयात गेली शिरवण्याच्या एमआयडीसीत. आधी युनियनच्या कामात, मग उरलेल्या वेळात कंपनीच्या. (हा क्रम त्यांनीच सांगितलेला.) आमच्या घरात बाळाला अंगाई म्हणत नसत, मागण्यांचं पत्रक वाचून दाखवत. भावाचं नाव संग्राम, माझं क्रांती. मी अक्षरं गिरवली ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. पुढे लिहायला लागले तेव्हा वाक्य संपलं की उद्गारचिन्ह आपोआप यायचं!

कंपनीत अण्णा बटणावर हलणाऱ्या सीटचे वर्म गिअर बनवायचे. म्हणजे सीटखाली छोटी मोटर, मोटरला स्क्रूसारखे आटे असलेला दांडा आणि त्यात गुंतलेलं दातेरी चाक. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक काही केल्या दांड्याला फिरवू शकत नाही.

"बसणाऱ्यानं कितीही जोर लावू दे, सीट मागे हटत नाही!" अण्णा भाकरी मोडता मोडता सांगायचे. "युनियन अशी पाहिजे!"

स्वतः मात्र अशा सीटवर ते कधी बसले नव्हते. आमच्याकडे स्कूटर होती.

संग्रामचं जमलं करावे गावच्या निकिताशी. तिचे वडील बाळाराम शेठ. एकेकाळी शेती, आता इमारती, आणि मन इमारतींपेक्षा मोठं. पहिल्याच भेटीत अण्णांनी त्यांना अट घातली.

"हुंडा नाही, मानपान नाही, फेटा नाही, हार नाही. साखर वाटायची आणि मोकळं व्हायचं. कबूल नसेल तर आम्ही उठतो."

बाळाराम शेठचा चेहरा पडला. "व्याही, येकुलती येक पोर हाय माझी. जावयाच्या बापाला साधा फेटा बी नाय बांधू?"

"नाही."

संग्राम आणि निकिता एकमेकांकडे अशा नजरेनं बघत होते, जणू वाटाघाटी फिसकटल्या आणि उद्यापासून टाळेबंदी! शेवटी बाळाराम शेठनी मान हलवली, पण ती मनापासून हलली नव्हती.

साखरपुड्याच्या सकाळी ते स्वतः नवी कोरी गाडी घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर हजर.

"हा मानपान झाला," अण्णा म्हणाले. "आम्ही रिक्षानं येतो."

"अवो, मान कसला? मी घराकडंच चाललोय. तुमी वाटंत भेटलाव, म्हनून घेतो!"

"बसा हो गुपचूप," आई म्हणाली. "तुमच्या तत्त्वापायी माझी पैठणी रिक्षात चुरगळायची नाही मला."

अण्णा पुढे बसले. त्यांच्या मागे आई, मध्ये मी, पलीकडे संग्राम. माझ्या मांडीवर पत्रकांचा जाडजूड गठ्ठा होता. 'मानपानाची प्रथा गाडून टाका!' लेखिका मीच. साखरपुड्यात पेढ्यांबरोबर वाटायचा बेत होता. पण आरशातून बाळाराम शेठनी आधीच वाचलं तर? म्हणून मी तो गठ्ठा हळूच अण्णांच्या सीटखाली, मागच्या बाजूनं सरकवला. (चळवळीला काही काळ भूमिगत राहावंच लागतं!)

सीवूड्सच्या अलीकडे अण्णांचा हात दाराशेजारच्या बटणावर पडला. घर्र्र... सीट तसूभर पुढे सरकली. अण्णांनी वाकून खाली बघितलं.

"बटणाची आहे? ही बटणाची सीट आहे?"

"फिरवा की, व्याही! तुमचाच माल हाय!"

झालं! जत्रेतल्या पाळण्यात पोर बसावं तसे आमचे अण्णा! "ऐका, ऐका आवाज! कुठे खरखर आहे?" म्हणत त्यांनी सीट पुढे नेली, ती गुडघे डॅशबोर्डखाली जाऊन अडकेपर्यंत. मग पोटाला जागा होईना म्हणून सीटची पाठ मागे पाडली. पाठ पडत पडत थेट आईच्या मांडीवर टेकली, अण्णांच्या डोक्यासकट.

"अगंबाई!" आई ओरडली. "लग्न झाल्यापासून कधी मांडीवर डोकं ठेवलं नाही, आणि आज व्याह्यांसमोर?"

"आधी सीट मागे घेतो, मग पाठ उभी करतो ना," म्हणत अण्णांनी बटण दाबलं. घर्र्र... घर्र... कट्. मोटर गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. पाठीची मोटर वेगळी, त्यामुळे पाठ उभी होत होती, पण उभी केली की पोट डॅशबोर्डला भिडून अण्णांचे डोळे पांढरे व्हायचे! परत आडवी केली.

अशा अवस्थेत आम्ही करावे गावात पोचलो. दारात मांडव, मांडवात गाव. आम्ही तिघं मागून कसेबसे बाहेर निघालो. अण्णांचे गुडघे काही निघेनात. मग माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली.

"बंधूंनो!" मी गाडीच्या पायरीवर चढले. "एकट्यानं काही हलत नाही, एकजुटीनं सगळं हलतं! धरा सीट, ढकला मागे!"

गावातले दणकट गडी पुढे झाले. हैश्शा! गाडी हलली, गाडीतला गणपती हलला, अण्णांची कवळी हलली. सीट नाही.

"नाही हलणार!" आडव्या अण्णांचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "शिरवण्याचा माल आहे!"

"अण्णा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

इतक्यात निकिताची आत्या, हिराबाय, ओवाळायचं ताट घेऊन बायकांसह आली. पाहुणा गाडीतून उतरत नाही म्हटल्यावर तिनं सरळ गाडीतच ओवाळायला घेतलं. टिळा लागला. हार पडला. कुणीतरी फेटा आणला. अण्णा हात हलवत होते, "नको! अट होती! नको!" पण पळणार कुठे? ज्या माणसानं जन्मभर मालकाचा चहासुद्धा नाकारला, त्याचा साग्रसंगीत सत्कार चालू होता आणि त्याला सभात्यागही करता येत नव्हता!

तेवढ्यात एक म्हातारी काचेतून डोकावली. हार घातलेला, डोळे मिटलेला आडवा माणूस बघून तिनं हंबरडाच फोडला. "अरं देवा, व्याही गेलं रं!"

"गप गो!" हिराबाय खेकसली. "जित्ते हाईत ते! फक्त अरकलेत!"

सगळे हसले. मीही हसले. मग अण्णांकडे बघितलं, तर त्यांचे डोळे ओले होते.

"संग्राम," ते हळूच म्हणाले, "मुहूर्त घालवू नका. तुम्ही उरकून घ्या. मी ऐकतो इथून."

निकिता पुढे आली. "अण्णा नाहीत तर साखरपुडा नाही. पाट इकडे आणा. गाडीपाशी."

बाळाराम शेठ ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बटण दाबलं आणि घर्र्र करत अण्णांशेजारी आडवे झाले.

"हे काय करताय?" अण्णांनी विचारलं.

"माझा व्याही आडवा, तर मी उभा कसा ऱ्हावू? आन् मला सवय हाय. सरकारनं आमची जमीन घेतली तवा आमी बी रस्त्यावर असंच आडवं परलो व्हतो."

अण्णांनी मान वळवली. "तुम्ही? आंदोलनात?"

"पोलिसांनी उचलून नेला, पन हटलो नाय!"

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

दोन्ही व्याही छताकडे बघत घोषणा आठवत पडले. बाहेर पाटावर संग्राम-निकिता. अंगठ्या झाल्या, साखर वाटली, बायका खिडकीतून दोन्ही व्याह्यांच्या तोंडात पेढे कोंबत होत्या. तेवढ्यात ताटातली सुपारी घरंगळली ती मागच्या दारातून सीटखाली. हिराबाय वाकली.

"अगो बाय! ही रद्दी कोनी कोंबली?"

गठ्ठा बाहेर आला. वरची पत्रकं दातांनी चावल्यासारखी झाली होती. हिराबायनं मोठ्यानं वाचलं, "मानपानाची परथा गाडून टाका! आपली, करांती."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. अण्णांनी बटण दाबलं. एवढ्या वेळात मोटर थंड झाली होती, वाटेतली रद्दीही गेली होती. घर्र्र... सीट मागे सरकली, पाठ उभी झाली आणि फेटा-हारासकट अण्णा प्रकट झाले. टाळ्या पडल्या! त्यांनी आरशात फेटा बघितला, किंचित सरळ केला आणि काढला नाही.

"पत्रक बरं आहे," ते मला म्हणाले. "जागा चुकली."

लग्न ठरल्याप्रमाणे साधेपणानं झालं. त्या दिवशी गाडीत बसण्याआधी दोन्ही व्याह्यांनी, आईनं, संग्रामनं आणि खुद्द नवरीनं एकमुखानं ठराव केला: क्रांतीची पिशवी तपासल्याशिवाय गाडी हलणार नाही! आजवर मी एकजुटीवर एवढी पत्रकं लिहिली. डोळ्यांनी बघितलेली पहिली अभेद्य एकजूट मात्र माझ्याविरुद्ध होती.