फक्कीनं आखलेला पूर

आमच्या घरात देवांच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील छापखान्यात जुळारी. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, सरकारविरुद्ध... ज्याला म्हणून कशाविरुद्ध काही म्हणायचं असे तो वडिलांकडं यायचा, आणि छापून उरलेले कागद आमच्या घरी यायचे. त्या कागदांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. भूत, भानामती, अंगात येणं हे शब्द मला ठाऊक होते ते खिळे लावून जुळवायचे शब्द म्हणून. "माझा विश्वास नाही" एवढं म्हणून मी थांबत नव्हतो, मी या सगळ्याच्या विरुद्ध लिहीत होतो. आजही लिहितो. या सदरातले इतरांचे अनुभव वाचून मी आजवर हसत आलो, तेव्हा आता तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नुकता कॉलेजातून बाहेर पडलो होतो. त्या साली सरकारनं पूरबचाव प्रशिक्षण वर्गांसाठी अनुदान काढलं आणि आमच्या पेठेतल्या तालमीला ते मंजूर झालं. पण मंजुरी वरून खाली झिरपत येईपर्यंत मार्च उजाडला. अट अशी, की मार्चअखेर वर्ग पूर्ण करून साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायचं, नाहीतर अनुदान परत. म्हणजे पुरातून माणूस कसा काढायचा हे शिकायचं कधी, तर पंचगंगेत म्हशींचे गुडघेसुद्धा बुडत नाहीत तेव्हा.

मी लगेच पत्रक काढलं. मथळा होता – "कोरड्या नदीत बुडणाऱ्यांना सरकारी मदत". आणि वर्गात नाव घातलं ते एवढ्याचसाठी, की आतून सगळं बघून दुसरं पत्रक काढावं.

वर्ग घेणारे मुजावर मास्तर फौजेतून परत आलेले. आवाज असा, की तालमीत बोलले तर रस्त्यावरचे टांगेवाले वळून बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं.

"ह्ये तू ल्ह्यलंस?"

"हो."

"बेस ल्ह्यलंस. खोटं काय न्हाई ह्यात. आता दोर धर."

त्या वेळी मी हरलो होतो हे मला फार उशिरा कळलं.

काय दिवस होते ते! तालमीच्या लाल मातीत आम्ही दोराच्या गाठी शिकलो. माझा जोडीदार शिवा, कुस्तीतला गडी. मानेला हात लावला तर झाडाच्या बुंध्याला लावल्यासारखं वाटायचं. त्याला गाठ जमायची नाही आणि मला त्याचं वजन ओढवायचं नाही. "ल्येखका, जरा दूध पीत जा. शाईनं अंग धरत न्हाई," असं तो रोज म्हणायचा. संध्याकाळी मास्तर सगळ्यांना गंगावेशीत घेऊन जायचे. तिथं म्हशी उभ्या असायच्या, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात. ओठांवर फेस घेऊन मी मास्तरांशी सरकारवर वाद घालायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सरकार मार्चात जागं हुतंय. पूर मार्चात येत न्हाई. आपुन दोघांच्या मधी हुबं ऱ्हायाचं, दुसरं काय?"

नावेसाठी पैसे आले होते, नाव आली नव्हती. मग मास्तरांनी एका गुऱ्हाळावरून जुनी, ठिगळ मारलेली काहील आणली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई – चार-सहा माणसं सहज मावतील एवढी. आमच्याकडं पुरात माणसं काहिलीतून काढतात, ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते कोरड्यात काहील चालवणं.

प्रात्यक्षिकासाठी मास्तरांनी नदीकाठची एक वस्ती निवडली. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, नदीच्या वळणात. नाव देत नाही, ती मंडळी अजून तिथंच राहतात. वस्तीच्या टोकाला, अगदी सखल जागी एक कौलारू घर होतं, मागं गोठा. मालक बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं हंगामभर घराला कुलूप. कुणाला त्रास नको म्हणून तेच घर 'पुरात अडकलेलं घर' ठरलं. मास्तरांनी कबड्डीच्या मैदानासारखी पांढरी फक्की ओतून शेतात पूर आखला. इथून पाणी सुरू, इथं ओढ, इथं झाड. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी भुसा भरलेलं पोतं बसवलं, त्याला जुना सदरा घातला. हा आमचा पूरग्रस्त.

दुपारची वेळ. ऊन रणरणतंय. साहेब छत्रीखाली, हातात घड्याळ. आम्ही काहिलीच्या कड्यांतून बांबू घालून ती खांद्यावर घेतली आणि निघालो... फक्कीच्या नदीतून, ढेकळं तुडवत. शिवा पुढं काल्पनिक वल्हं मारतोय. बांधावर अख्खी वस्ती जमलेली.

"अवो पावणं, पाणी कुटंवर आलंय?"

"गळ्यापातुर!" शिवा ओरडला.

"मग पवा की! चालताय कशाला?"

हसण्याची लाट उठली. मीसुद्धा हसत होतो. मनात दुसऱ्या पत्रकाचा मजकूर तयार होत होता.

बाकीचे काहील घेऊन कोपऱ्यावर थांबले. मी आणि शिवा गोठ्याच्या मागं वळलो तेव्हा भिंतीवर पोतं होतं, आणि पोत्याशेजारी एक बाई बसली होती.

वीस-बावीस वर्षांची. हिरवं लुगडं, गुडघे पोटाशी घेतलेले. ती कुडकुडत होती. त्या उन्हात. केसांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, मास्तरांनी खरं माणूसही बसवलं आहे, आम्हाला न सांगता. त्यांचा एक नियम होता – काढायच्या माणसाला आधी नाव विचारायचं. नाव सांगितलं म्हणजे माणूस भानावर आहे.

"नाव काय?" मी विचारलं.

"सुशीला." दात वाजत होते. "आत आत्याबाई हायती. आदी त्यास्नी न्या."

शिवानं घराकडं बघितलं. "वैनी, आत कुत्रंबी न्हाई. पुढनं ह्ये एवढं कुलूप हाय."

"आदी त्यास्नी," ती पुन्हा म्हणाली.

तेवढ्यात साहेबांच्या माणसानं लांबून शिट्टी मारली. वेळ संपत होती. वेळ गेली तर अनुदान जाणार. शिवानं पोतं उचलून कोपऱ्यावरच्या काहिलीत टाकलं आणि आम्ही फिरलो. फक्कीच्या काठाला पोचलो, टाळ्या पडल्या, साहेबांनी मान हलवली. अनुदान वाचलं.

"मास्तर, ती बाई कोण बसवली होती?" मी विचारलं.

"कुठली बाई?"

मास्तर, शिवा आणि मी परत गेलो. भिंतीवर कुणी नव्हतं. ती बसली होती तेवढा दगड ओला होता आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळत होता. वस्तीतल्या बायकांना विचारलं. सुशीला नावाचं तिथं कुणीच नव्हतं.

"नदीवर धुणं धुऊन आली असेल कुणी परगावची," मी म्हणालो. "येडी असेल बिचारी."

मास्तर दगडाकडं बघत एवढंच म्हणाले, "कोन का आसंना. पोतं वाचवलंसा, माणूस सोडलंसा."

ते वाक्य मला लागलं. पण त्यापलीकडं मी त्या गोष्टीला जागा दिली नाही. दुसरं पत्रकही लिहिलं नाही, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं. चार दिवस पाऊस हलला नाही, राधानगरी धरणाची दारं उघडली आणि पंचगंगा पात्राबाहेर पडली. मास्तरांनी कुणाच्या हुकमाची वाट बघितली नाही. सकाळी आम्ही त्याच वस्तीत होतो, तीच ठिगळाची काहील, तोच दोर. गंमत म्हणजे मार्चात ढेकळांवर चाललेलं सगळं अंगात मुरलं होतं. कुठं ओढ आहे, कुठं झाड आहे... पाण्याखाली ती फक्की मला दिसत होती.

दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली. सगळी माणसं उंचावरच्या शाळेत. मास्तरांनी विचारलं, "कोन ऱ्हायलं का?"

"न्हाई. सगळी आली," वस्तीतला एक म्हातारा म्हणाला. "टोकाचं घर तेवढं, पण त्येंनी कालच कुलूप घालून गाव सोडलंय. म्या डोळ्यानं कुलूप बघितलंय."

शिवानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. मार्चानंतर आम्ही त्या बाईचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

पाणी चढत होतं. दोर भिजून जड झाला होता, माणसं दमली होती. त्या टोकाला ओढ सगळ्यात जास्त. चार जणांचे जीव घालून कुलूपबंद घराकडं जायचं, आणि कारण काय सांगायचं? जो मी आयुष्यभर असल्या कारणांविरुद्ध लिहीत आलो, तो मी?

"मास्तर," मी म्हणालो, "तिकडं जायला हवं."

"का?"

म्हातारा मधेच म्हणाला, "आवो, कुलूप हाय म्हनतोय की!"

"कुलूप बघितलंय," मी म्हणालो. "माणसं जाताना कुणी बघितलीयत?"

हे कारण खरं होतं, पण माझं कारण ते नव्हतं, आणि मास्तरांना ते कळलं. काठावर पाय रोवून त्यांनी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं.

"तुझ्या पत्रकात काय छापायचं ते मागनं छाप. चल."

काहील गरगरत, आदळत त्या घरामागं पोचली. गोठा निम्मा बुडाला होता. भिंतीवर हिरवं लुगडं, गुडघे पोटाशी, केसांतून पाणी. तीच.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सुशीलावैनी!"

तिनं मान वर केली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला होता. शिवानं तिला उचलून काहिलीत घेतलं. ती हातपाय झाडू लागली, त्याच्या दंडाला चावली. तो म्हणाला, "भ्याली हाय, धर तिला." काठावरून मास्तर दोराला हिसके देत होते... परत या, परत या. घराची भिंत पाणी पीत होती.

"शिवा," मी म्हणालो, "आत तिची सासू आहे."

आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात. मार्चात मला ते सुचलंही नव्हतं.

बाई एकदम थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. शिवा छपरावर चढला, कौलं उचकटली आणि आत उतरला. माळ्यावर एक म्हातारी पडून होती, पायानं अधू. त्यानं तिला पोत्यासारखी खांद्यावर घेतली आणि बाहेर आला. आम्ही निम्म्या वाटेत असताना ते घर मागं खचून खाली बसलं. फार मोठा आवाजही झाला नाही.

शाळेत चहा प्यायल्यावर सुनेचा घसा थोडा सुटला. हंगाम संपवून घरी आलेल्या तिच्या नवऱ्यानं आईला न्यायला बैलगाडी आणतो म्हणून पुढच्या दाराला कुलूप घातलं होतं, मागच्या दारानं निघायचं ठरलं होतं. तो गेला आणि रस्ता पाण्याखाली गेला. त्या संध्याकाळी तो पलीकडच्या काठावरून हाका मारताना सापडला.

मग तिनं मला विचारलं, "दादा, माझं नाव तुमाला कसं ठावं?"

"मार्चात तुम्ही इथं आला होता ना?"

"मी? माझं म्हायेर गडहिंग्लजच्या पलीकडं. लगीन वैशाखात झालं. मार्चात तर ह्ये मला बघायलाबी आलं नव्हतं."

शिवा उठून बाहेर गेला आणि पावसात उभा राहिला.

पुढं दोन-तीन वर्षांत अनुदान बंद झालं. वर्ग बंद झाला. मास्तर गेले. काहील तालमीच्या दारात पालथी पडली आहे, तिच्यावर बसून पोरं शेंगा खातात. शिवाची आता पिठाची गिरणी आहे आणि गाठ त्याला अजून जमत नाही. मी त्याला आणि त्यानं मला वेगवेगळ्या वेळी सगळं पुन्हा विचारून बघितलं. हिरवं लुगडं, ओला दगड, "आदी त्यास्नी". एकही गोष्ट वेगळी निघत नाही. योगायोग म्हणावा तर नाव कुठून आलं? भास म्हणावा तर दोघांना एकच कसा? मी अजूनही बुवा-भगतांविरुद्ध लिहितो आणि लिहीत राहीन. या एका प्रसंगावर मात्र मला आजवर पत्रक काढता आलेलं नाही.

सुशीलावैनींच्या नव्या घरी, वस्तीच्या वरच्या अंगाला, मी अधूनमधून जातो. आत्याबाई अजून आहेत. माळ्यावरची गोष्ट त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि दर वेळी शिवा थोडा उंच होतो. एकदा मी वैनींना विचारलं, त्या भिंतीवर एवढा वेळ एकट्या बसलात, धीर कसा धरलात?

त्या शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय की. मला सारखं वाटत हुतं, ही मानसं एकदा यिऊन गेल्याती. म्हंजे परत येतील."

मास्तरांनी त्या पुरानंतरच्या पहिल्याच वर्गात एक नियम वाढवला होता. माणसाला आधी नाव विचारायचं, आणि मग विचारायचं – आत अजून कोण आहे? नवी पोरं विचारायची, हे कुठल्या पुस्तकात आहे? मास्तर माझ्याकडं बघायचे, आणि मी दोर आवळायला लागायचो.