वेंगुर्ल्याला गेलेला माझा रोल

कोल्हापुरातून घाट उतरला की समुद्र. नव्वदच्या दशकात मी एसटीनं वेंगुर्ल्याला जायचो आणि दिवसभर खडकावर बसून फोटो काढायचो. एकदा अख्खा रोल काढून घरी आलो, तर मेव्हण्यानं फोटो आलेत का बघायला कॅमेऱ्याचं मागचं झाकणच उघडलं. उजेड शिरून सगळा रोल वाया गेला. वर हसून म्हणाला, “पाण्याचंच फोटू हुतं की दाजी. आपल्या रंकाळा तळ्याचं काढा, कुणाला कळतंय?”

मी ते विसरलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यालाच वेंगुर्ल्याला नेलं. गॉगल लावून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो लाटांत उभा राहिला. “अजून जरा आत सरा, पावणं,” म्हणत मी बटण दाबत होतो. कॅमेऱ्यात रोल नव्हता. चिंब भिजून तो कपडे बदलायला गेला, तेव्हा मी रोल भरला आणि तांबडा झालेला समुद्र, परतणाऱ्या होड्या निवांत टिपल्या.

फोटो धुऊन आल्यावर त्यानं ते दोनदा चाळले. “दाजी, ह्यात मी कुठं हाय?”

“न्हाईस,” मी म्हणालो.

ते फोटो मी सोप्यातल्या भिंतीवर लावलेत. मेव्हणा आला की त्यांच्याकडं पाठ करून बसतो. मला अजून बरं वाटतं.