नातेवाइकाचं पत्र चालणार नाही

दीड महिना झाला. वॉर्डात ड्युटीवर होते तेव्हा बाबांचा फोन आला. "तुयी आत्या गेली, बाई," एवढंच म्हणाले. 

शकू आत्या बाबांची थोरली बहीण, दवनीवाड्याच्या आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. शिष्यवृत्तीचा अर्ज आला की गावातली पोरं तिच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन बसत. सोबत हमखास गेल्या वर्षी ज्याला मिळाली त्याच्या अर्जाची झेरॉक्स, जशीच्या तशी उतरवायला. आत्या ती बाजूला ठेवी आणि पेनही काढून घेई. "त्याले भेटली, तुले भेटाची हाय. यंदाच्या सूचना वाच, मोठ्यानं." त्या शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन परत मिळत नसे. आम्ही कंटाळून जायचो. ती मात्र पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची आणि एखादी ओळ गाळली की लगेच पकडायची.

बारावीनंतर माझी पाळी आली. मला नर्सिंगला नागपूरला जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच, नाहीतर घरीच बसायचं. अर्जासोबत शिकवलेल्या शिक्षकाचं शिफारसपत्र हवं होतं. आत्याइतकं मला कोण ओळखणार? पण मीच मोठ्याने वाचून बसले होते... नातेवाइकाचं पत्र चालणार नाही.

"तुयं आडनाव वेगळं हाय. कोनाले समजते?" बाबा म्हणाले.

"मले तं समजते," आत्या म्हणाली. "पत्र देनार नाई मी."

"सख्ख्या भाचीसाठी चार ओळी होत नाई तुह्याच्यानं?" बाबा असे भडकले की अख्खा भाताचा रोवणा होईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मलाही तिचा रागच आला होता.

तिने मला गणिताच्या सरांकडे पाठवलं. सरांना गोडगोड लिहिता येत नसे. त्यांनी लिहिलं, मुलगी गणितात बेताची आहे, पण समजेपर्यंत विचारणं सोडत नाही. मला रडूच आलं. आत्याने पत्र वाचलं आणि म्हणाली, "बरोबर लिवलं. जाऊ दे." मुलाखतीत एका बाईंनी नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं आणि हसून विचारलं, खरं का? मी म्हटलं, हो. शिष्यवृत्ती मिळाली. बाबा पेढे घेऊन आधी आत्याकडे गेले.

एवढी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्या एका सहीने काम झालं असतं, आणि पुढे कायमची माझ्या मागे धाकधूक लागली असती. तरी एक हळहळ राहिलीच. तिला माझ्याबद्दल काय वाटायचं ते तिने कुठे लिहिलं नाही, आणि तोंडावर कौतुक करणं तिला माहीतच नव्हतं.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी तिच्याविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा आधी सूचना वाचल्या, खोलीत एकटीनेच, मोठ्याने. शब्दमर्यादा आहे, मजकूर टाइप केलेला हवा. खात्रीसाठी पुन्हा शेवटपर्यंत वाचलं. नातेवाइकाने लिहू नये, असं कुठेच म्हटलेलं नाही.