काळ्या खिडकीतून चालणारं आमचं रेडिओ केंद्र

रेडिओवर बोललेलं हवेत जातं आणि संपतं. पण रेडिओच्या ऑफिसात घडलेलं काही केल्या संपत नाही! कुठं अमरावतीच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचं भेटतं, "काय गजूभाऊ, काय म्हणते तुमचा कॉम्प्युटर?" असं विचारतं, आणि मी एक किस्सा सांगायला घेतो. त्याच्या मागून दुसरा निघतो, दुसऱ्याला धरून तिसरा. गाडी लागते, सुटते, आणि आम्ही दोघं तिथंच.

आमचं केंद्र लहान. अमरावतीहून वलगावकडे जाताना एका कॉलेजच्या आवारात, कडुनिंबाखाली दोन खोल्या. आमचा आवाज वलगाव आणि भोवतालच्या शिवारापर्यंत पोचतो, पुढं सोयाबीनमध्ये कुठंतरी विरून जातो. माणसं मोजकी. केंद्र सांभाळणाऱ्या खोडके मॅडम, मूळच्या दर्यापूरच्या. शाळेतून रिटायर होऊन आमच्याकडे निवेदन करायला आलेल्या शकुंतलाबाई. आवाजाचं सगळं बघणारा प्रशांत, अकोला जिल्ह्यातला, तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातला. आणि कॉम्प्युटर बघणारा मी.

सकाळी सहाला प्रसारण सुरू व्हायचं. त्या वेळी रोज कोण येणार? म्हणून मी बॅच फाईल लिहायला लागलो. बॅच फाईल म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहून ठेवलेले हुकूम. आधी हा प्रोग्रॅम उघड, मग ही धून लाव, एवढा वेळ थांब, मग ते भाषण लाव. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं. फाईल चालली की स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात पांढरी अक्षरं पळतात, आणि कामं आपोआप होतात.

निदान व्हायला पाहिजेत!

* * *

पहिली फाईल प्रशांतनं हौसेनं स्वतः लिहिली. "मले शिकू द्या न भाऊ," म्हणाला. लिहिली बरोबर, पण जतन करताना नोटपॅडनं नावापुढं गुपचूप .txt चिकटवलं. त्यामुळं ती हुकमाची फाईल राहिलीच नाही, वाचायचा कागद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हजर. खिडकीबाहेर धुकं, आत स्टुडिओत पिवळा दिवा. सहा वाजले. कॉम्प्युटरनं फाईल उघडली, आणि प्रशांतनं लिहिलेलं सगळं स्क्रीनवर सुंदर मांडून ठेवलं. धून नाही, आवाज नाही, काही नाही.

खोडके मॅडमनी ते वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मग म्हणाल्या, "प्रशांत, कॉम्प्युटर म्हणून राह्यला, तुह्यं अक्षर चांगलं आहे!"

* * *

मग माझी पाळी आली. काळ्या खिडकीतून प्लेअर उघडायला 'स्टार्ट' असा हुकूम असतो. त्याची एक खोड आहे. त्याच्यापुढं अवतरणचिन्हांत जे पहिलं लिहाल, ते त्याला खिडकीचं नाव वाटतं. मी प्लेअरचा सगळा पत्ता छान अवतरणचिन्हांत लिहिला. फाईल चालवली. एक नवी कोरी काळी खिडकी उघडली, तिच्या माथ्यावर प्लेअरचं पूर्ण नाव लिहिलेलं, आणि आत नुसता अंधार!

प्रशांत शेजारीच उभा होता. "भाऊ, बारसं तं झालं," तो म्हणाला, "पण लेकरू कुठं आहे?"

* * *

शकुंतलाबाईंच्या कार्यक्रमाआधी मी फाईलमध्ये 'पॉज' टाकला होता. म्हणजे काळी खिडकी तिथं थांबायची आणि इंग्रजीत सांगायची, पुढं जायचं तर कोणतंही बटण दाबा. बाई माइकसमोर नीट बसल्या, घसा साफ केला, पाणी प्यायल्या, की बटण दाबायच्या आणि धून सुरू व्हायची.

काही महिन्यांनी वाटलं, कशाला बाईंना तेवढाही त्रास? मी तो पॉज काढून टाकला. आता बाईंनी नुसतं बसायचं.

दुसऱ्या दिवशी बाई स्टुडिओतून बाहेर आल्या त्या तडक खुर्चीत जाऊन बसल्या. चहाही घेतला नाही. मी विचारलं, "बाई, काही चुकलं का?"

"ते बटण कुठे गेलं हो?"

"काढलं बाई. आता दाबायची गरज नाही."

"कोणतंही दाबा म्हणायचा ना तो?" बाई म्हणाल्या. "मी रोज 'म' दाबत होते. आमची मुग्धा बंगळुरूला आहे. सकाळी कामाच्या घाईत असते, फोन केला तर चिडते. म्हणून मी आपली रोज एकदा तिला हाक मारून मग बोलायला लागायची."

मी तसाच उठलो. जाऊन पॉज परत टाकला.

* * *

एकदा इंटरनेट सारखं जात होतं. ते आहे की नाही हे बघायला 'पिंग' नावाचा हुकूम असतो. मी त्याची छोटी फाईल केली आणि तिचंही नाव ठेवलं 'पिंग'. आता गंमत बघा. फाईल म्हणते, पिंगला बोलव. कॉम्प्युटर शोधतो तर त्याला आधी सापडते तीच फाईल. ती पुन्हा म्हणते, पिंगला बोलव. पुन्हा तीच!

दुपारची वेळ. बाहेर निंबोळ्या टपटपत होत्या, पंखा गरगरत होता. काळ्या खिडकीत तीच एक ओळ वर सरकत होती, तीच ओळ, परत तीच. खोडके मॅडम येऊन उभ्या राहिल्या, प्रशांत आला, शकुंतलाबाई चष्मा पुसत आल्या. पाण्याकडं बघत बसावं तसे आम्ही सगळे बघत बसलो.

त्या दिवशी मुलाखतीला एक म्हातारे कीर्तनकार बुवा आले होते. तेही मागे येऊन उभे राहिले. हळूच विचारलं, "काय चाललंय हे?"

मी म्हणालो, "बुवा, हा स्वतःलाच हाक मारून राहिलाय. थांबतच नाही."

मी बंद करायला हात पुढं केला, तर बुवांनी तो धरला. "राहू द्या," ते म्हणाले. "आम्हाला जन्मभर हे जमलं नाही!"

* * *

संध्याकाळी प्रसारण संपलं की कॉम्प्युटर बंद करायची वेगळी फाईल होती. प्रशांतनं ती चुकून अशा फोल्डरात ठेवली की मशीन सुरू झालं रे झालं की ती आपोआप चालायची. झालं! सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की लगेच पाटी यायची, मी बंद होतोय. आम्ही माउस धरेपर्यंत बंद! परत सुरू करायचा, परत बंद.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हे तं आमच्या मामंजीसारखं झालं. दर्यापूरहून येतात, खुर्चीत टेकतात न टेकतात, तं म्हणतात, निघतो आता, जीप सुटून जाईन!"

शेवटी प्रशांतनं थांबवायचा हुकूम आधीच तोंडपाठ केला, बोटं कीबोर्डवर ठेवून बसला, आणि मशीन सुरू होताच टाइप करून मोकळा झाला. पाटी गेली. मशीन सुरूच राहिलं.

"मामंजी मुक्कामी!" प्रशांत ओरडला.

* * *

बासरीची धून संपली की थोडं थांबून शेतीचा सल्ला लागायचा. मधल्या थांबण्यासाठी 'टाइमआउट' असा हुकूम, आणि पुढं सेकंदांचा आकडा. कुणाच्या तरी हातून एक शून्य जास्त पडलं. कुणाच्या, ते आम्ही आजवर एकमेकांना विचारलेलं नाही.

बासरी संपली आणि रेडिओ गप्प झाला. ट्रान्समीटर सुरू, दिवे सुरू, पण आवाज नाही. खोडके मॅडम घरून ऐकत होत्या, त्यांनी मला फोन केला, मी प्रशांतला केला, प्रशांत चप्पल न घालता खोलीवरून धावत सुटला. तो पोचेपर्यंत सल्ला आपोआप सुरूही झाला होता.

ऑफिसात आलो तर फोन वाजत होता. मॅडमनी भीत भीत उचलला. वलगावचे एक शेतकरी बोलत होते. मॅडम माफी मागायला लागल्या, तर ते म्हणाले, "अवो मॅडम, माफी कायची? मी कपाशीत उभा होतो. ते बासरीच्या मागून तुमी जे लावलं, ते कोनतं होतं?"

"त्यात काही नव्हतं हो भाऊ."

"तेच म्हणतो न. लय बरं वाटलं. रोज लावत जा!"

* * *

प्रशांतचं लग्न अकोल्याला होतं. त्याची माय आदल्या वर्षी गेली होती. लग्न पुढं ढकलू, असं प्रशांत म्हणत होता, पण वडिलांनीच ऐकलं नाही. "तिनंच पसंत केली होती न पोरगी," म्हणाले. हॉलमध्ये पहिल्या रांगेत ते बसले होते, आणि शेजारची खुर्ची त्यांनी कुणाला बसायला दिली नव्हती.

आम्ही सगळेच गेलो होतो. केंद्र पहिल्यांदाच पूर्ण दिवसभर बॅच फाईलींच्या हवाली. मॅडमचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि अकोल्यापर्यंत आमचा रेडिओ काही ऐकू येत नाही. म्हणून मी वलगावच्या माझ्या काकूला सांगून ठेवलं होतं, "रेडिओ लावून बस, आणि काही वेगळं वाटलं की मला फोन कर."

दुपारी शकुंतलाबाईंचं आधीच रेकॉर्ड केलेलं भाषण लागायचं होतं. फाईलमध्ये मी त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. बाईंनी जाण्याआधी रेकॉर्डिंगचंच नाव बदलून ठेवलं होतं, मराठीत, सुवाच्य! "माझ्या कार्यक्रमाला मराठी नाव नको?" हे आम्हाला नंतर कळलं. फाईलमधल्या नावानं कॉम्प्युटरला ते भाषण सापडणारच नव्हतं. आणि काही सापडलं नाही तर गप्प बसू नये, म्हणून मी लिहून ठेवलं होतं की अशा वेळी चाचणीच्या फोल्डरातलं काहीही एक लाव. त्या फोल्डरात आमच्या माइकच्या, रेकॉर्डरच्या जुन्या चाचण्या होत्या. किती आणि कसल्या, कुणालाच आठवत नव्हतं.

मंगलाष्टकांच्या मधे सनई वाजवायचं काम माझ्याकडं होतं. रेडिओवाला माणूस ना! हॉलच्या साउंड सिस्टिमची तार माझ्या मोबाइलला जोडलेली. अंतरपाट धरलेला. अलीकडं प्रशांत, पलीकडं नवरी, दोघांच्या हातात हार. एक मंगलाष्टक संपलं, मी सनई लावली, आणि नेमका काकूचा फोन आला. सनई थांबली. मी घाईत फोन उचलला, आणि तार तशीच राहिली.

"गजू," काकूचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला, "बाईचं भाषण तं काही लागलं नाही. हे काय लागलं, ऐक बरं तूच!" आणि तिनं मोबाइल रेडिओला लावला.

हॉलच्या मोठ्या कर्ण्यांतून पाखरं बोलायला लागली. खूप सारी, सकाळची. मग तितर. लांबवर कुठंतरी विहिरीवरची मोटर सुरू होती, एका लयीत. वारा पिकातून जातो तेव्हा होतो तसा आवाज. बादलीची कडी वाजली. कुठंतरी एक गाय हंबरली.

अक्षता घेतलेले हात तसेच राहिले. गुरुजी पुढचं मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडून थांबले. पोरंसुद्धा पळायची थांबली. मी तार ओढायला हात नेला, तर खोडके मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. त्या प्रशांतकडं बघत होत्या.

प्रशांतनं मान वर केली होती. नवा रेकॉर्डर आला तेव्हा तोच तो घेऊन गावी गेला होता, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवून आवाज टिपून बघायला.

मोटर बंद झाली. पाखरं तेवढी राहिली. आणि मग लांबून, घराच्या बाजूनं, एका बाईची हाक आली. दमदार, जराशी रागावलेली.

"पशा! कुठं जाऊन बसला रे? ये न आता, सारे वाट पाहून राह्यले!"

पहिल्या रांगेत प्रशांतचे वडील उठून उभे राहिले.

आणि अंतरपाटाच्या अलीकडून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, प्रशांत म्हणाला,

"आलो वं माय!"