विहीणबाईंच्या फॅमिली ट्रीवर माझी आजी

आज सकाळी इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरी विहीणबाई नाश्त्याला आल्या होत्या. क्लेअर, म्हणजे माझ्या सुनेची आई, मूळच्या लुईझियानाच्या. फ्रेंचांच्या राजवटीत तिथे येऊन राहिलेलं घराणं. होणाऱ्या नातवंडासाठी त्या फॅमिली ट्री काढतायत.

बघते तर त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांची आडनावं नवऱ्यांपेक्षा वेगळी! म्हणाल्या, "जुन्या फ्रेंच चर्चमध्ये लग्नानंतरही बाईची नोंद माहेरच्या आडनावानेच व्हायची. म्हणून तर सगळ्या सापडल्या. आता तुमच्याकडच्या सांगा."

मी माहेरची खापरे. आई मोहरील. आणि आजी? अहो, मला माहीतच नव्हतं! लग्नात तिचं तर नावसुद्धा बदललेलं.

लगेच नागपूरला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. नव्वदीतली मावशी, पण क्षणभर थांबली नाही. "माझी आई डबीरांची यमू. तिची आई ठोंबऱ्यांची दुर्गा. नीट लिही!"

विहीणबाईंनी उच्चार पुन्हा पुन्हा विचारून लिहून घेतलं. आता यमू आणि दुर्गा त्या फ्रेंच बायकांच्या शेजारी थाटात बसल्यात. मला तर बाई आज आभाळ ठेंगणं झालंय!

फोन ठेवताना मावशीने विचारलं, "सून कुठलं आडनाव लावते?"

मी जरा चाचरतच म्हटलं, "स्वतःचंच ठेवलंय तिने."

"बरं केलं," मावशी म्हणाली. "तिच्या नातींना मावशी शोधत बसावं लागणार नाही."

तुमच्या आजीचं माहेरचं नाव-आडनाव लिहा बरं खाली. कुणाला विचारावं लागलं, तेही लिहा.